ओढ्यातल्या माशांवर संशोधन: पहिलं वर्ष कसं लावायचं

गोड्या पाण्यातल्या माशांवर काम करायचं ठरवलेला विद्यार्थी पहिली चूक बहुधा नदी निवडण्यात करतो. नदी मोठी आणि नावाजलेली असते, आणि प्रस्तावात छान दिसते. पण तिच्यात उतरता येत नाही, तिला आडवं जाळं लावता येत नाही, आणि जाळ्यात आलेले बारा मासे हे बारांतले बारा की बारा हजारांतले बारा, हे सांगता येत नाही. ओढ्यात हे सगळं जमतं. म्हणून सुरुवात ओढ्यापासून करा. पुढचं सगळं सह्याद्रीतल्या ओढ्यांना धरून लिहिलं आहे, कारण इथला पाऊस, इथला बेसॉल्ट आणि इथले मासे यांमुळे परदेशी पुस्तकांतल्या बऱ्याच सूचना बदलून घ्याव्या लागतात.

ओढा कोणता घ्यावा

सर्वे ऑफ इंडियाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा घ्या. ओपन सिरीजचे नकाशे त्यांच्या पोर्टलवरून मोफत मिळतात. त्यावर ओढ्यांची श्रेणी लावा. ज्याला वरून एकही ओढा मिळत नाही तो पहिल्या श्रेणीचा. पहिल्या श्रेणीचे दोन मिळाले की दुसरी श्रेणी, दुसऱ्या श्रेणीचे दोन मिळाले की तिसरी. पहिलीचा दुसरीला मिळाला तर श्रेणी बदलत नाही, आणि नवशिक्यांची गफलत नेमकी इथे होते. कामाला दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचे ओढे उत्तम. ऑक्टोबरमध्ये रुंदी तीन ते सहा मीटर, पाणी गुडघा-मांडीपर्यंत.

नकाशावर निळी रेघ आहे म्हणून तिथे वर्षभर पाणी असेल असं धरू नका. मार्च-एप्रिलमध्ये एकदा चालत जाऊन बघा. सह्याद्रीतले बरेच ओढे फेब्रुवारीनंतर तुटतात आणि सुट्या डोहांची माळ उरते. हा अभ्यासातला अडथळा नाही. उलट, यातच अभ्यासाचा मोठा विषय दडलेला असतो. मात्र तो आधी माहीत हवा, कारण मासे उरलेल्या डोहात दाटतात आणि चौरस मीटरमागची संख्या फुगते. एप्रिलचा आकडा नोव्हेंबरच्या दुप्पट आला तर मासे वाढलेले नसतात, पाणी आटलेलं असतं.

वर किंवा खाली जवळच कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असेल तर तो ओढा टाळा. बंधाऱ्याचाच अभ्यास करायचा असेल तर अर्थात मुद्दाम घ्या. पावसातही पोचता येईल असा रस्ता बघा. आणि प्रश्न एका वाक्यात लिहा. ‘अमुक ओढ्यातील मत्स्यविविधता’ हा प्रश्न नाही, ते शीर्षक झालं. ‘देवराईतून वाहणाऱ्या ओढ्यांत दगडाला चिकटणारे मासे भातखाचरांतून वाहणाऱ्या ओढ्यांपेक्षा जास्त असतात का, आणि ते गाळामुळे का?’ हा प्रश्न झाला. त्यासाठी एकाच ओढ्यावर चोवीस वेळा जाण्यापेक्षा आठ ओढ्यांवर तीन-तीनदा जाणं जास्त उपयोगाचं. हा हिशेब शेवटी आकडेमोडीच्या वेळी कळून काही उपयोग नसतो.

प्रत्येक ओढ्यावर अभ्यासाचा पट्टा ठरवा. लांबी पाण्याच्या सरासरी रुंदीच्या सुमारे चाळीस पट, म्हणजे चार मीटर रुंद ओढ्याला १६० मीटर. एवढ्या लांबीत डोह, खळाळ आणि सपाट धावतं पाणी हे तिन्ही प्रकार साधारणपणे दोन-तीनदा येतात. पट्ट्याची सुरुवात आणि शेवट कातळावरच्या रंगाच्या खुणेने किंवा मोठ्या झाडाने पक्के करा. नुसत्या जीपीएसवर विसंबू नका. दाट झाडीच्या घळीत तो दहा-पंधरा मीटर सहज चुकतो.

परवानग्या

हे काम सहा महिने आधी सुरू करा. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात (राधानगरी, कोयना, चांदोली, भीमाशंकर वगैरे) पाऊल टाकायचं तर नागपूरच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. राखीव जंगलात उपवनसंरक्षकांची. बाहेरच्या ओढ्यांसाठी ग्रामपंचायत आणि गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती यांना पत्र द्या आणि त्यांच्या सहीची पोच गाडीत ठेवा. जाळं घेऊन ओढ्यात उतरलेल्या अनोळखी लोकांना गाव हटकतं, आणि हटकायलाच हवं. मासा हा पाठीच्या कण्याचा प्राणी आहे. त्यामुळे संस्थेच्या प्राणी नीती समितीची मान्यताही लागते. ती नसेल तर चांगली नियतकालिकं लेख परत पाठवतात. परदेशी सहकाऱ्याकडे नमुना किंवा पराचा तुकडा पाठवायचा असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे आधी विचारणा करा, नंतर नाही.

विजेने मासे बधिर करण्याचं यंत्र परदेशात ओढ्यांवर सर्रास वापरतात. आपल्याकडे इन्व्हर्टर आणि तारा लावून बेकायदा मासेमारी चालते. त्यामुळे तसलं यंत्र पाठीवर घेतलेला माणूस संशोधक आहे हे कुणी मानणार नाही. परवानगी आणि प्रशिक्षण दोन्ही नसताना त्याच्या वाटेला जाऊ नका. सुरुंग आणि विष यांवर तर १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे.

आधी पाणी मोजा, मग मासे

हा क्रम उलटा केला तर जाळं ओढून पाणी गढूळ झाल्यावर मोजमापाला अर्थ राहत नाही.

तापमान, विरघळलेला ऑक्सिजन, सामू आणि विद्युतवाहकता या चार गोष्टी दर वेळी मोजायच्या, आणि दर वेळी साधारण एकाच वेळेला. उन्हाळ्यात शेवाळ माजलेल्या डोहात दुपारी तीनला ऑक्सिजन भरपूर असतो आणि सामू नऊपर्यंत चढतो. त्याच डोहात पहाटे ऑक्सिजन तळाला गेलेला असतो. एक ओढा सकाळी आणि दुसरा दुपारी मोजून ‘दुसऱ्याचं पाणी चांगलं’ असा निष्कर्ष काढलेले प्रबंध आहेत.

मीटर बिघडतो, म्हणून विंकलरची पद्धत हातात असू द्या. ३०० मि.लि.च्या काचेच्या बाटलीत बुडबुडा न राहू देता पाणी भरा. मँगेनीज सल्फेट २ मि.लि. आणि अल्कलाइन आयोडाइड २ मि.लि. पिपेटचं टोक पाण्याखाली धरून सोडा. साका तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, पांढरा राहिला तर जवळपास नाही. साका बसल्यावर २ मि.लि. संहत सल्फ्युरिक आम्ल घाला. त्यातलं सुमारे २०० मि.लि. ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने अनुमापन करा. जितके मि.लि. लागतील तितके मि.ग्रॅ. प्रति लिटर ऑक्सिजन. समुद्रसपाटीला २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात संपृक्तता ८.२६ असते. घाटमाथ्यावर हवेचा दाब कमी, म्हणून आकडाही थोडा कमी येणार. मीटरमध्ये उंची भरायला विसरलात तर संपृक्ततेचे सगळे टक्के चुकतात.

प्रवाह मोजायला वेगमापक नसला तरी अडत नाही. दहा मीटरचा सरळ पट्टा घ्या, लिंबू किंवा अर्धी भरलेली छोटी बाटली सोडा, वेळ मोजा आणि पाच-सहा वेळा करून सरासरी घ्या. बाटली रिकामी असेल तर ती वाऱ्याने पळते, पाण्याने नाही. पृष्ठभागाचं पाणी खालच्यापेक्षा वेगाने जातं, म्हणून आलेल्या वेगाला ०.८५ ने गुणा. गोट्यांनी खडबडीत तळ असेल तर ०.८ घ्या. रुंदी ४ मीटर, सरासरी खोली ०.२५ मीटर, दहा मीटरला २५ सेकंद लागले तर वेग ०.४, गुणिले ०.८५ म्हणजे ०.३४ मीटर प्रति सेकंद, आणि प्रवाह ०.३४ घनमीटर, म्हणजे सेकंदाला ३४० लिटर. खोली एकाच ठिकाणी मोजून चालत नाही. आडव्या दोरीवर किमान दहा ठिकाणी मोजा.

तळासाठी शंभर दगड मोजायचे. पट्टा नागमोडी चालत जायचं आणि दर पावलाला खाली न बघता बोट टेकवून जो दगड लागेल तो उचलायचा. त्याची लांबी नाही, जाडीही नाही, मधली बाजू मोजायची. खाली बघितलं की हात आपोआप सुबक मुठीएवढ्या दगडाकडे जातो आणि वाळू मोजायची राहते. दगड गाळात किती रुतला आहे तेही टक्क्यांत लिहा. दगडाखाली राहणाऱ्या माशांसाठी हा आकडा पाण्याच्या सामूपेक्षा जास्त बोलका असतो.

जाळं

सगळा डोलारा इथे उभा राहतो, म्हणून इथे घाई नको.

पट्ट्यातून एक डोह, एक खळाळ आणि एक सपाट धाव असे दहा-पंधरा मीटरचे तीन तुकडे निवडा. प्रत्येक तुकडा दोन्ही बाजूंनी पाच-सहा मि.मी. आसाच्या (म्हणजे तेवढ्या भोकांच्या) जाळ्याने बंद करायचा. आधी खालच्या बाजूचं जाळं, मग वरचं, कारण दचकलेले मासे बहुतेक प्रवाहाबरोबर खाली पळतात. जाळं लावायला काठाकाठाने जा, पाण्यातून नको. खालची शिशाची दोरी नुसती टाकून भागत नाही. तिच्यावर हाताने दगड ठेवत सलग जा. बोट घालून फट शोधा. एक वीतभर फट राहिली तर सगळा तुकडा फुकट गेला समजा. वरची दोरी पाण्याच्या वर किमान एक हात हवी, कारण ओपसॅरियससारखे मासे सरळ उडी मारून जातात. पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि मगच धरायला सुरुवात करा.

डोहात आणि धावेत चार मीटर लांब, सव्वा मीटर उंच ओढजाळं दोघांनी खालून वर ओढायचं. खळाळात ते चालत नाही, दगडांत अडकतं. तिथे दोघांनी जाळं प्रवाहाला आडवं, खालची कड तळाला दाबून धरायचं. तिसऱ्याने दोन मीटर वरून पायाने दगड हलवत, उलटे करत खाली यायचं. मळ्या आणि मुरींच्या कुळातले बारके मासे दगडाखालून निघतात ते असेच. उलटलेले दगड काम संपल्यावर परत जागेवर ठेवा, त्यांच्या खालच्या बाजूला अंडी आणि कीटक असतात. पाग (हाताने फेकायचं गोल जाळं) टाकायला गावातला माणूस सोबत असेल तर खोल डोहात उपयोग होतो. पण पागेचे फेक मोजून वेगळे लिहा, ओढजाळ्याच्या आकड्यांत मिसळू नका.

एका फेरीत सगळे मासे येत नाहीत. म्हणून तीन फेऱ्या करायच्या: तीच माणसं, तेच जाळं, प्रत्येक फेरीला तितकीच मिनिटं. प्रत्येक फेरीचे मासे वेगळ्या बादलीत. धरलेले मासे तिसरी फेरी होईपर्यंत सोडायचे नाहीत. दोन फेऱ्यांवरून अंदाज असा काढतात: पहिल्या फेरीच्या संख्येचा वर्ग, भागिले पहिली वजा दुसरी. पहिल्या फेरीत ६०, दुसऱ्या फेरीत २४ आले तर ३,६०० भागिले ३६, म्हणजे तुकड्यात सुमारे १०० मासे. एका फेरीत धरले जाण्याची शक्यता ०.६ झाली. त्या हिशेबाने तिसऱ्या फेरीत नऊ-दहा यायला हवेत. वीस आले तर समजायचं की गृहीतक मोडलं. मग तिन्ही फेऱ्या धरून हिशेब करायचा आणि अंदाजाची रुंदी प्रामाणिकपणे मोठी दाखवायची.

गृहीतक का मोडतं याची कारणं ठरलेली आहेत. जाळ्याला फट राहिली. पहिल्या फेरीने पाणी गढूळ झालं आणि दुसरी फेरी आंधळेपणाने झाली. माणसं दमली आणि तिसरी फेरी उरकली. किंवा पहिल्या फेरीत दगड हललेच नाहीत आणि तळाचे मासे दुसऱ्या फेरीत निघाले. हे शेवटचं कारण सगळ्यांत जास्त दिसतं, म्हणून हिशेब जातीनिहाय करा. मधल्या पाण्यात पोहणारा डेव्हॅरियो पहिल्याच ओढीत येतो, दगडाखालचा मासा येत नाही. दोघांची बेरीज करून काढलेला अंदाज दोघांबद्दलही चुकीचा असतो. आणि दुसरी फेरी पहिलीपेक्षा मोठी आली तर सूत्र उणे उत्तर देतं. तेव्हा सूत्राशी झटापट करू नका, तेवढंच लिहून ठेवा.

काहीच न मिळालेला तुकडाही कागदावर हवा: तारीख, फेऱ्या, मिनिटं, माणसं, शून्य. शून्य लिहिलं नाही तर पुढे ‘गेलो नव्हतो’ आणि ‘गेलो, पण मासा नव्हता’ यांत फरक उरत नाही.

सगळीकडे जाळं घालायचं नसतं, हेही लक्षात ठेवा. महाड तालुक्यात काळ नदीवरच्या वाळण कोंडीत किंवा पालघर जिल्ह्यातल्या वाडा गावाजवळच्या तिळसे इथे देवाचे म्हणून राखलेले मासे आहेत. तिथे काठावरून किंवा मुखवटा लावून पाण्याखाली बघून मोजायचं, लांबीचे गट डोळ्याने पाडायचे. हात लावायचा नाही.

बादलीपासून बरणीपर्यंत

बादली सावलीत, बॅटरीवरचा हवेचा पंप लावून ठेवा, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी बदला. मासे वर येऊन तोंड उघडायला लागले म्हणजे उशीर झाला.

बधिर करायला लवंग तेल पुरतं. एक भाग तेल नऊ भाग अल्कोहोलमध्ये मिसळा. तेल नुसतं पाण्यात टाकलं तर ते तरंगतं आणि काही मासे लागलीच मरतात, काहींना काही होत नाही. या द्रावणाचे २.५ मि.लि. पाच लिटर पाण्यात, म्हणजे लिटरला साधारण ५० मि.ग्रॅ. आधी दोन-तीन माशांवर करून बघा. गार पाण्यात वेळ लागतो, कोमट पाण्यात लवकर होतं. मासा कलंडला की बाहेर काढा, मोजा आणि ताज्या पाण्यात सोडा. तो सरळ पोहायला लागल्यावरच ओढ्यात.

लांबी प्रमाणित घ्या, म्हणजे तोंडाच्या टोकापासून शेपटीचा पर जिथे सुरू होतो तिथवर. शेपटी फाटलेली असते, म्हणून पूर्ण लांबी भरवशाची नसते. वजन ओल्या फडक्याने टिपून, वाऱ्याला आडोसा करून. प्रत्येक जातीचे तीस मोजले की पुरे, बाकीचे नुसते गणा.

नमुना प्रत्येक खोऱ्यातून प्रत्येक जातीचे पाच ते दहा, त्याहून जास्त नाही. क्रम महत्त्वाचा आहे. जिवंतपणी काचेच्या पातळ पेटीत डाव्या बाजूचा फोटो, पट्टीसह. लवंग तेलाचं प्रमाण आठ-दहा पट करून मारायचं, आणि कल्ल्यांची हालचाल थांबल्यावर दहा मिनिटं तसंच ठेवायचं. मग उजव्या बाजूच्या पराचा तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्ये, डीएनएसाठी. त्यानंतरच फॉर्मॅलिन. फॉर्मॅलिनमधून काढलेल्या माशाचा डीएनए मिळवणं म्हणजे वैताग. दहा टक्के फॉर्मॅलिन म्हणजे बाजारातलं एक भाग, पाणी नऊ भाग. हातमोजे हवेत, जागा मोकळी हवी. दहा सें.मी.पेक्षा मोठ्या माशाच्या पोटाला उजवीकडून चीर द्या, नाहीतर बाहेरून टणक दिसणारा मासा आतून सडतो. डावी बाजू अखंड ठेवायची, कारण खवले त्याच बाजूचे मोजतात. आठवडाभराने दोन दिवस पाण्यात धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये. चिठ्ठी बरणीच्या आत, पेन्सिलने. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि मग उरतो एक निनावी मासा.

नाव लावणं

विल्यम हेन्री सायक्स या लष्करी अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं छापली. त्याने बऱ्याच जातींना लोकांच्या तोंडचीच नावं दिली. आजही लॅटिन नावांत मळ्या, नुकटा, कोळस, खुद्री हे शब्द बसलेले आहेत. मात्र नुसत्या वर्णनावर आणि चित्रावर नाव पक्कं होत नाही. त्याने दिलेलं ‘मुसुल्ला’ हे नाव पुढे अनेक वर्षं कावेरीतल्या कुबडवाल्या महसीरला चिकटलं. खरं तर ते वेगळ्याच वंशातल्या, म्हणजे हिप्सेलोबार्बसमधल्या माशाचं नाव. कावेरीतला तो मासा म्हणजे टॉर रेमादेवी, हे २०१८ मध्ये स्पष्ट झालं. बरणीत मासा नसलेल्या नोंदीचं पुढे काय होतं ते यावरून कळावं.

ओळखायला पुढच्या गोष्टी भिंगाखाली बघा: तोंड खाली आहे की समोर, मिशा किती, अंगावरची रेषा शेपटीपर्यंत जाते की मध्येच तुटते, त्या रेषेवर खवले किती, पाठीच्या पराचा शेवटचा साधा काटा करवतीसारखा आहे की गुळगुळीत. मळ्याच्या, म्हणजे गॅराच्या, हनुवटीखाली चकती असते. लेपिडोसेफॅलिक्थिसच्या डोळ्याखाली काटा असतो. माशावरून हलकेच बोट फिरवलं की लागतो. नेमाकिलिड कुळातल्या, त्याच अंगलटीच्या माशांना तो नसतो. रंगावर विसंबू नका, घाबरलेल्या माशाचा रंग बादलीतच बदलतो.

जुन्या पुस्तकातून नाव शोधलं तर ते कॅलिफोर्निया अकॅडमीच्या माशांच्या ऑनलाइन सूचीत तपासा. पूर्वीच्या पंटियसमधून २०१२ मध्ये पेथिया, डॉकिन्सिया असे वंश वेगळे झाले. यादीत एकच मासा दोन नावांनी दोनदा मोजला जाणं हा नेहमीचा घोळ आहे. आणि पुण्याहून वर्णन झालेला इंडोरिओनेक्टिस एव्हेझार्डी हा सह्याद्रीभर एकच मासा मानला जायचा. त्याच्या जवळचा इंडोरिओनेक्टिस नीलेशी २०२१ मध्ये वेगळा म्हणून वर्णन केला गेला. २०२० मध्ये आंबोलीतून शिस्टुरा हिरण्यकेशी आला, आणि ती जागा पुढच्याच वर्षी जैवविविधता वारसास्थळ झाली. म्हणजे ‘सगळीकडे मिळतो तोच’ असं वाटणारा मासाही प्रत्येक खोऱ्यातून वेगळा ठेवायचा. नमुने आकुर्डीच्या प्राणी सर्वेक्षण केंद्रात किंवा मुंबईच्या बीएनएचएसमध्ये जमा करा आणि त्यांचा क्रमांक लेखात छापा.

स्थानिक नावं लिहून घ्याच, पण माशाशेजारी नाव, असं. एका खोऱ्यातलं नाव पलीकडच्या खोऱ्यात दुसऱ्याच माशाला असतं. विचारताना ‘कोणते मासे मिळतात?’ असं विचारलं की लोक मोठ्या, खायच्या माशांची यादी देतात. ‘काका, पहिल्या पावसात आधी कोणता चढतो? कोणता आता दिसत नाही? कधीपासून?’ असं विचारा. गप्पी, गॅम्बुशिया आणि चिलापी दिसले तर ‘बाहेरचे’ म्हणून सोडून देऊ नका, त्यांचीही तीच मोजमापं घ्या.

पावसाळ्यात

जून-जुलैत ओढ्यात उतरून मासे मोजायचे नाहीत. आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाला सात हजार मि.मी.च्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. वर ढग फुटला तर खाली ऊन असतानाही पाणी येतं. पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा वाहू लागला की साहित्य टाकून काठावर या. एरवीसुद्धा खोली (मीटर) गुणिले वेग (मीटर प्रति सेकंद) ०.९च्या वर गेलं तर पाण्यात पाऊल नको, आणि शेवाळलेल्या कातळावर त्याच्या निम्म्यालाच थांबा. कोकणात लेप्टोचा धोका असतो. पायाला जखम असेल तर उतरू नका. औषधाचं डॉक्टरांना विचारा.

पण घरीही बसू नका. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला ओढ्यातून भातखाचरांत चढतात, त्या वळगणीच्या वेळी काठावर उभं राहून बरंच काही कळतं: कोणत्या तारखेला, किती पाऊस झाल्यावर, कोणती जात, अंडी भरलेली किती. लोक धरत असतातच, त्यांच्या टोपलीतल्या माशांची लांबी आणि पोटातली अंडी बघायला परवानगी मागा. तुमचं जाळं त्यात घालू नका. तापमान नोंदवणारा लॉगर मे महिन्यातच बसवा. भोकं पाडलेल्या पांढऱ्या पीव्हीसी नळीत घालून, सावलीत, पक्क्या मुळाला किंवा कातळातल्या खिळ्याला तारेने बांधून. त्याआधी बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतो का ते बघा. दोन लावा, एक पुरात जाणार हे धरून चाला.

जाळ्याचं वेळापत्रक सोपं आहे: ऑक्टोबर-नोव्हेंबर, जानेवारी, एप्रिल.

कागदावर

एका डोहातल्या तीन ओढी म्हणजे तीन ओढे नव्हेत. आठ ओढ्यांचा अभ्यास असेल तर नमुन्यांची संख्या आठ. ती चोवीस किंवा बहात्तर धरली की प्रत्येक फरक ‘लक्षणीय’ निघतो आणि पहिलाच जाणकार परीक्षक लेख परत पाठवतो. जास्त मासे धरलेल्या जागी जाती आपोआपच जास्त निघतात, म्हणून जातींची तुलना समान संख्येवर आणून करा. आर या आकडेमोडीच्या मोफत संगणक प्रणालीत फेऱ्यांच्या हिशेबासाठी एफएसए नावाचं पॅकेज आहे. वजन-लांबीचं नातं काढताना अंडी भरलेल्या माद्या आणि अल्कोहोलमधले आकसलेले मासे ताज्या माशांत मिसळू नका. घातांक तीनच्या आसपास यायला हवा. चार आला तर बहुधा वजनकाटा किंवा एखादं दशांशचिन्ह चुकलं आहे.

डेटाशीट त्याच संध्याकाळी भरा आणि कागदाचा फोटो काढा. ‘बारीक, काळसर, पट्टेवाला’ म्हणजे कोण, हे तीन दिवसांनी तुम्हालाही सांगता येत नाही.

या वर्षभराच्या कामावर पुढची दारं उघडतात. सीएसआयआर-यूजीसी नेटमधून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये, दोन वर्षांनी एसआरएफ (वरिष्ठ शिष्यवृत्ती) झाल्यावर ४२,०००, घरभाडं वेगळं. पदव्युत्तर पातळीवरच रानातलं काम शिकायचं असेल तर देहरादूनची वन्यजीव संस्था आणि बंगळूरची एनसीबीएस ही जीवशास्त्राची संशोधन संस्था इथले अभ्यासक्रम बघा. रत्नागिरी, नागपूर आणि उदगीरची मत्स्य महाविद्यालयं चांगली आहेत, पण त्यांचा भर उत्पादनावर आणि तळ्यातल्या माशांवर आहे. ओढ्यांच्या परिसंस्थेकडे यायचं असेल तर प्राणिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्राची वाट जवळची. मार्गदर्शक निवडताना त्यांचे किती लेख आहेत यापेक्षा दोन गोष्टी विचारा: आधीच्या विद्यार्थ्यांचे नमुने कुठे ठेवले आहेत, आणि त्यांचा कच्चा डेटा कुणाला उघडता येतो? दोन्हींना ‘बघावं लागेल’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे बघा.

प्रबंधाच्या शेवटी एक परिशिष्ट जोडा: प्रत्येक पट्ट्याचे अक्षांश-रेखांश, खुणेच्या कातळाचा आणि झाडाचा फोटो, जाळ्याची लांबी आणि आस, फेऱ्यांची मिनिटं, माणसं किती. वीस वर्षांनी कुणी त्याच ओढ्यावर आलं तर त्याला तीच जाळी त्याच दगडांवर लावता यायला हवी.